आवाजाच्या बाजारात पहिला धडा

संगीताचा अभ्यासक्रम प्रदर्शनात मांडायचा म्हणजे टेबलावर नेमकं काय ठेवायचं? स्टॉलचे पैसे भरायच्या आधीपासून आम्ही यावर बोलत होतो. गोरेगावच्या नेस्कोमध्ये, म्हणजे बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये, मे महिन्याच्या अखेरीला किंवा जून उजाडता उजाडता 'पाम एक्स्पो' भरतो. ध्वनी, प्रकाश आणि संगीत यांच्या धंद्यातली माणसं देशभरातून येतात. स्पीकर बनवणारे, मिक्सर विकणारे, लग्नाच्या हॉलला साउंड भाड्याने देणारे, ट्रस उभे करणारे, स्टुडिओवाले, डीजे, वाद्यांचे व्यापारी. तिथे मांडलेली प्रत्येक वस्तू एका क्षणात स्वतःची ओळख करून देते. स्पीकर चालू केला की छातीत ठोका बसतो, दिवा फिरवला की छत उजळतं. बघणाऱ्याला पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

अशा प्रदर्शनांचं सगळं बळ यातच आहे. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या अनाहाइम शहरात, 'नॅम' या वाद्य-व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या प्रदर्शनात, दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले गेले. एक 'सिक्वेन्शियल सर्किट्स'चा, दुसरा 'रोलँड'चा. एकावर पट्टी दाबली आणि दुसरा वाजला. मिडी नावाचं तंत्र जगाला कळायला तेवढं पुरलं. त्यामागची वर्षांची मेहनत कोणाला समजावून सांगायची गरज पडली नाही.

आमच्याकडे दाबायला अशी पट्टी नव्हती. आमची संस्था लहान. पेटी आणि तबल्याचे अभ्यासक्रम आम्ही तयार करतो: एक छापील वही, तिच्या धड्यांना जोडलेल्या चित्रफिती, आणि विद्यार्थ्याने दर पंधरवड्याला पाठवलेलं वादन ऐकून शिक्षकाने त्याला दिलेलं उत्तर. याचं फळ दिसायला दोन वर्षं लागतात. कधी तीन. ज्याचं फळ इतकं लांब आहे ते, घाईत चाललेल्या माणसाला, तीन मीटर बाय तीन मीटरच्या जागेत दाखवायचं होतं.

स्टॉल म्हणजे तीन बाजूंना पांढरे पॅनेल, वर नावाची पट्टी, एक टेबल, खुर्च्या, दोन दिवे आणि एक प्लग. जास्तीची वीज हवी तर तिचे पैसे वेगळे. आम्हाला वीज फारशी लागणार नव्हती. लागणार होती शांतता, आणि ती तिथे मिळणं शक्यच नव्हतं. हॉलमध्ये सगळीकडे काही ना काही वाजत असतं. तिथे लोक येतात तेच ते ऐकायला. कानांच्या दृष्टीने ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही मर्यादा मानतात, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. आमच्या पेटीचा मंद्र षड्ज या सगळ्यात तिच्या समोर बसलेल्यालाही ऐकू येईना. भाता चाललेला दिसायचा, बोटं पट्ट्यांवर दिसायची, आणि ऐकू यायचा पलीकडच्या गल्लीतला सबवूफर.

आमच्याकडे एक चित्रफीतही तयार होती, मोठ्या पडद्यावर लावण्यासाठी. तिच्यात आमचा एक जुना विद्यार्थी यमन वाजवतो. उत्तम वाजवतो. लोक थांबायचे, बघायचे, मान डोलवायचे आणि पुढे जायचे. "छान वाजवतोय मुलगा," एवढंच म्हणायचे. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांनी एक चांगलं वादन पाहिलं होतं. ते शिकवण्याशी आपला काही संबंध आहे असं त्यांना वाटायला त्या पडद्यावर कारणच नव्हतं.

मग आमचे तबल्याचे सर म्हणाले, "पडदा बंद करा. इथे ऐकवायचं काही नाही. करून घेऊ."

त्यांनी खुर्ची स्टॉलच्या कडेला, येण्याजाण्याच्या वाटेजवळ ओढली. समोर दुसरी ठेवली. जो कोणी रेंगाळेल त्याला म्हणायचे, "बसा दोन मिनिटं, हात मोकळे आहेत ना?" आणि त्याला हातावर तीनताल द्यायला शिकवायचे. सोळा मात्रा. पहिलीला टाळी, पाचवीला टाळी, नववीला खाली, म्हणजे हात उलटा करून हवेत सोडायचा, आणि तेरावीला पुन्हा टाळी. मधल्या मात्रा बोटांवर. याला वाद्य लागत नाही, वीज लागत नाही आणि कितीही गोंगाट असला तरी अडत नाही, कारण ताल डोळ्यांनीही दिसतो. शिकवणारा समोर हात हलवतो, शिकणारा त्याच्याकडे बघून हलवतो. पहिलं आवर्तन चुकतं, दुसरं अर्धं जमतं, तिसऱ्याला माणूस समेवर येतो. त्या क्षणी चेहऱ्यावर जे दिसतं ते शिकवणाऱ्या कोणालाही परिचयाचं असतं.

आम्ही अभ्यासक्रम दाखवणं सोडलं आणि सुरू केला. तिथल्या त्या दिवसांतून माझ्या हाती लागलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

नाशिककडचा एक डीजे आला. पाठीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात हेडफोन. मित्राची वाट बघत उभा होता, सरांनी बसवला. दुसऱ्याच आवर्तनाला तो म्हणाला, "सर, मोजतो तर मीपण. पण आम्ही बत्तीस मोजतो. आठ बार."

"मग तुझे बत्तीस म्हणजे आमची दोन आवर्तनं," सर म्हणाले. "आणि तू गाणं बदलतोस कुठे?"

"एकावर. कायम एकावरच."

"ती सम."

तो हसला. मग सरांनी तोंडाने ठेका म्हटला, धा धिं धिं धा, आणि त्याला नुसतं डग्ग्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. तीनतालाच्या ठेक्यात दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमार निघून जातो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो. खालीचा भाग हलका लागतो तो यामुळे. पोरगा क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "म्हणजे आपण बेस काढून घेतो आणि ड्रॉपच्या आधी परत देतो, तसंच ना हे?"

अगदी तसंच. शतकानुशतकं ठेक्यात बसलेली ही रचना त्याच्या हाताला माहीत होती. तिला खाली म्हणतात एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शिकवण्याच्या कामातली माणसं श्रोत्यांची दोन गटांत वाटणी करून बसतात, शास्त्रीयवाले आणि बाकीचे. त्या प्रदर्शनात मला ही वाटणी किती उथळ आहे ते दिसलं. ज्या माणसांनी आयुष्यभर आवाज हाताळला आहे, त्यांना शून्यापासून शिकवावं लागत नाही. एका साउंड इंजिनिअरला तर मी पेटीच्या चित्रीकरणाबद्दल विचारलं आणि त्याने उभ्या उभ्या मला धडा दिला. पेटीचा आवाज वरच्या बाजूने, पट्ट्यांच्या मागून बाहेर येतो. मायक्रोफोन भात्याच्या बाजूला ठेवला तर हवेची फुसफुस आणि भात्याची कुरकुर पकडली जाते. थोडा वर, थोडा पुढे आणि वादकाकडे झुकता. आणि दूरस्थ शिकवणीत गुरू-शिष्यांनी एकत्र वाजवायचा हट्ट धरू नका, असंही त्याने बजावलं. हवेतून आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे एका खोलीत बसलेल्यांना उशीर जाणवतच नाही; पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे मात्र लय ओढल्यासारखी वाटू लागते, आणि साध्या व्हिडिओ कॉलवर उशीर याच्या कित्येक पट असतो. म्हणून आमच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी ध्वनिमुद्रित तंबोऱ्यासोबत आणि लेहऱ्यासोबत वाजवतो, शिक्षकासोबत नाही. आम्ही हे अनुभवाने ठरवलं होतं. त्याने त्यामागचं गणित हातात दिलं.

व्यापाऱ्यांशी बोलणं हा वेगळा अभ्यास होता. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी वाद्यांचं दुकान असलेले एक गृहस्थ आले. वही उलगडून बघितली, कागद बोटांत धरून पाहिला आणि सरळ विचारलं, "ताई, पुस्तक चांगलंय. पण मला यात सुटतं काय?"

हा प्रश्न मला आवडला. त्यात काहीही कमीपणाचं नाही. दुकान चालवणाऱ्या माणसाला भाडं द्यायचं असतं, कामगाराचा पगार द्यायचा असतो. हिशेबही गुंतागुंतीचा आहे: छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, ऑनलाइन अभ्यासक्रमावर १८ टक्के, आणि वही-चित्रफितींची जोडी एकत्र विकायची तर बिल कसं करायचं हा त्यांच्या लेखी पहिला प्रश्न. आम्ही वही वेगळी केली. वही दुकानात विकली जाईल, नेहमीच्या पुस्तकासारखी, त्यांचा नफा धरून. चित्रफिती आणि शिक्षकाची उत्तरं यांसाठी विद्यार्थी थेट आमच्याकडे येईल. हे त्यांना पटलं. मग खुर्चीत टेकले आणि जे बोलले ते मला आमच्या वहीपेक्षा महत्त्वाचं वाटलं.

"तुम्हाला सांगतो, जूनमध्ये पेट्या जातात. शाळा उघडतात, आईबाप हौसेने घेतात. आणि दिवाळी झाली की त्यातले काही जण तीच पेटी घेऊन परत येतात. 'काका, विकून द्या, पोरगं हात लावत नाही.' मी काय करू सांगा? घेतली तर पैसा अडकतो, नाही घेतली तर गिऱ्हाईक तुटतं."

हे दुखणं मराठवाड्यापुरतं नाही. 'फेंडर' या गिटारच्या बड्या अमेरिकी कंपनीच्या प्रमुखांनी काही वर्षांपूर्वी उघडपणे सांगितलं होतं की नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी ९० टक्के लोक वर्षाच्या आत वाजवणं सोडून देतात. उरलेले दहा टक्के पुढे आयुष्यभराचे ग्राहक होतात. २०१७ साली त्या कंपनीने स्वतःचे ऑनलाइन धडे सुरू केले ते यासाठीच. गिटार बनवणाऱ्याला शिकवायला उतरावं लागलं.

जपानमध्ये हे फार आधी कळलं होतं. 'यामाहा'ची सुरुवात १८८७ मध्ये एका रीड ऑर्गनपासून, म्हणजे आपल्या पेटीच्याच गोतावळ्यातल्या वाद्यापासून झाली, आणि १९५४ मध्ये त्यांनी टोकियोत मुलांसाठी संगीताचे प्रायोगिक वर्ग काढले. त्या वर्गांतून पुढे जगभर पसरलेल्या शाळा झाल्या. आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केलं. पुढे मुंबईत आल्यावर त्यांच्या विद्यालयाचा स्वतःचा छापखाना होता, स्वरलिपीची पुस्तकं तिथेच निघत, आणि वाद्यं तयार करण्या-दुरुस्त करण्याचा कारखानाही होता. शिक्षक, पुस्तक आणि वाद्य एका छपराखाली. ज्या १९०१ साली अमेरिकेत वाद्य-व्यापाऱ्यांनी 'नॅम' ही संघटना बांधली, त्याच साली लाहोरात हे विद्यालय उघडलं होतं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण स्टॉलवर उभं राहून विचार करताना मला या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्याशा वाटल्या. आपण कुठेतरी वाद्य विकणारे आणि वाद्य शिकवणारे यांना वेगळं करून टाकलं. शिकवणाऱ्याला व्यापार हलका वाटू लागला, व्यापाऱ्याला शिकवणं आपलं काम वाटेना, आणि या दोघांच्या मधल्या जागेत ती पेटी धूळ खात पडली.

कालपरवापर्यंत हे इतकं तुटलेलं नव्हतं. मुंबईत 'फुर्टाडोज'सारखं १८६५ पासूनचं दुकान स्वरलिपीची पुस्तकं आणि वाद्यं शेजारी शेजारी विकत आलं. गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांमध्ये मुलं व्हायोलिन शिकत होती आणि पुढे त्यांनीच हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद भरले. मिरजेत तर सतारमेकरांच्या गल्लीत गवयांची ये-जा असे. तंबोऱ्याची जवारी लावताना गाणारा समोर बसलेला असे आणि कारागीर त्याच्या कानावर विसंबून काम करी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्या बातमीने आनंद झाला, पण मानांकन मिळालेला तंबोरा छेडायला मुलं तयार होत आहेत का, हा विचारही त्याच वेळी मनात आला.

आमच्या शेजारच्या स्टॉलवर पेट्या बनवणारं एक कुटुंब होतं. वडील, त्यांना आम्ही काका म्हणायचो, आणि दोन मुलगे. त्यांच्याशी आमची गट्टी जमली ती सुरांवरून. झालं असं की कोणी आमच्याकडे पहिला धडा घेतला की तो सहज तिकडे जाऊन पेटीवर हात ठेवून बघायचा. तिकडे पेटी बघायला आलेल्या माणसाने "शिकवणार कोण?" असं विचारलं की काका त्याला आमच्याकडे पाठवायचे. मी दुपारच्या निवांत वेळात त्यांच्याजवळ जाऊन बसायचे.

काकांनी एक पेटी उघडून दाखवली. पितळेचे सूर रांगेने बसवलेले. गुजरातमधलं पालिताणा या सुरांसाठी प्रसिद्ध आहे, तिथून देशभर माल जातो. सूर चढवायचा तर टोकाकडे घासायचं, उतरवायचा तर बुडाकडे. इतकं बारीक घासायचं की कानसेचा हात जरा जड पडला तर सूर गेलाच. आणि मग ते गांधाराकडे वळले. आजच्या बहुतेक पेट्या सप्तकाचे बारा समान भाग करून लावतात, म्हणजे पट्टी कोणतीही धरली तरी चालतं. पण त्या मापात शुद्ध गांधार त्याच्या नैसर्गिक जागेपेक्षा जवळपास १४ सेंट चढा बसतो. एका अर्ध्या सुराचे शंभर सेंट धरले तर सातवा हिस्सा. तंबोऱ्यासोबत वाजवा, खुपतोच. म्हणून आपल्याकडचे जाणकार 'गांधार ट्यूनिंग' करून घेतात, एक षड्ज धरून बाकीचे सूर त्याच्याशी मिळवतात. त्यात ती पेटी त्याच एका पट्टीची होऊन बसते. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी करून याच अडचणीवर उत्तर शोधलं. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, तेव्हाच्या आक्षेपांत या सुरांचाही वाटा होता. काका म्हणाले, "बंदी घालणाऱ्यांना कोणी चांगली लावलेली पेटी ऐकवली नसावी." त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. गोविंदराव टेंब्यांपासून तुळशीदास बोरकरांपर्यंत ज्या वाद्याने महाराष्ट्राचा कान घडवला, त्याच्याबद्दल बोलताना तसं वाटणं साहजिक आहे.

यातून अभ्यासक्रमासाठी एक फार कामाची गोष्ट निघाली. आमच्या चित्रफितींतला तंबोरा काळी एकमध्ये, प्रमाण मापाने लावलेला. विद्यार्थ्याच्या घरची पेटी मात्र कुठून घेतली, कधी लावली, काही नेम नाही. तो चित्रफितीसोबत वाजवतो, सूर मिळत नाही आणि त्याला वाटतं दोष आपला आहे. वाजवणं सुटण्यामागे हेही एक कारण असणार, मला तशी दाट शंका आहे. काकांशी बोलून आम्ही ठरवलं की वहीच्या पहिल्या पानावर बोटं ठेवायची आकृती नको. पहिला धडा पेटी ऐकण्याचा: भाता भरा, एक सूर धरा, तंबोऱ्याशी लावून बघा, लाटा उठतात का ऐका. लाटा येत असतील तर वाजवायला बसण्याआधी पेटी लावणाऱ्याकडे न्या. मुलाने आपल्या वाद्याचा कस घ्यायला शिकावं, हा पेटीचा धडा आहे, आणि तो काकांनी लिहून दिला. वहीत त्या पानाखाली त्यांचं नाव आहे.

एक ज्येष्ठ पेटीवादकही येऊन गेले. पांढरा सदरा, हातात छत्री. पाऊस अजून यायचा होता. त्यांनी पूर्ण वही उभ्यानेच वाचली. मग म्हणाले, "बोटं दाखवाल हो तुम्ही. कान कोण देणार?"

मी म्हटलं, "बसा ना, आप्पा." ते बसले.

त्यांच्या प्रश्नाला मी जे म्हणाले त्यावर माझा आजही तितकाच विश्वास आहे. चित्रफीत विद्यार्थ्याचं बेसूर ऐकू शकत नाही. ती कधीच गुरू होणार नाही आणि तिने तसा आव आणू नये. पण ज्या तालुक्याच्या गावात पेटी शिकवणारं कोणी नाही, तिथल्या मुलीला निदान क्रम मिळतो, स्वच्छ सूर ऐकायला मिळतो, चुकलेला अलंकार न कंटाळता शंभरदा कमी लयीत पुन्हा ऐकता येतो. आणि पंधरवड्याला एकदा एक जिवंत कान तिचं वादन ऐकतो. त्या मुलीला पुढे गुरू भेटला तर तिचे हात तयार असतील. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तक मालिका काढली तेव्हाही हा आक्षेप आला होता की बंदिश कागदावर मरते. त्या पुस्तकांशिवाय आज किती बंदिशी आपल्यापर्यंत आल्या असत्या?

आप्पा म्हणाले, "पंधरवडा फार लांब आहे. सुरुवातीला आठवड्याला ऐका. चूक पंधरा दिवस हातात राहिली की घर करते." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी ते लिहूनच घेतलं. पहिल्या तीन महिन्यांसाठी आता आमचे शिक्षक दर आठवड्याला ऐकतात. खर्च वाढला. तो वाढायलाच हवा होता.

ज्या बाबतीत माझं मत अजिबात बदललं नाही, ते म्हणजे दिवसांची आश्वासनं. 'तीस दिवसांत वाजवायला शिका' छापाच्या पाट्या या धंद्यात सगळीकडे दिसतात. एका हितचिंतकाने मला सांगितलं की तुम्हीही एखादा आकडा लिहा, लोक आकड्यापाशी थांबतात. थांबतात, खरं आहे. पण एकतिसाव्या दिवशी ज्याला वाजवता येत नाही तो काय करतो, ते मराठवाड्यातल्या त्या दुकानदारांना विचारा. त्याला वाटतं, जे इतरांना महिन्यात जमलं ते मला जमत नाही, म्हणजे मी यातला नाही. खोट्या मुदतीने माणूस कायमचा संगीतापासून तुटतो. आमच्या स्टॉलवर लिहिलं होतं 'पहिला धडा इथेच घ्या', आणि कोणी विचारलं किती दिवस लागतील, तर आम्ही सांगायचो: रोज वीस मिनिटं, आणि सहा महिन्यांनी तुम्हाला स्वतःला कळेल की पुढे जायचं का.

आया हा प्रश्न फार नीट विचारतात. बोरिवलीहून आलेली एक आई, नवऱ्याचा स्पीकरचा व्यवसाय म्हणून सोबत आलेली, म्हणाली, "वीस मिनिटं कोणत्या वेळेला? शाळा, ट्यूशन, पोहणं, सगळं झाल्यावर मुलगी दमते हो." सरांनी तिला सांगितलं, सकाळी, दूध पिण्याआधी. ती म्हणाली, जमेल. मग परीक्षांचं विचारलं. गांधर्वच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या पायऱ्या तिला माहीत होत्या, तिची स्वतःची मध्यमा अर्धवट राहिली होती. शेवटी हातावर तीनताल तिने दिला, मुलीसाठी म्हणून नव्हे, स्वतःसाठी. अर्ज भरला तो दोघींच्या नावाने.

प्रदर्शनानंतरचं काम कोणाला दिसत नाही, पण खरं ते तिथेच असतं. कार्डांचा गठ्ठा घेऊन आम्ही फोन करायला बसलो. ज्यांनी फक्त पत्रक नेलं होतं त्यांना बहुतेकदा आम्ही कोण तेच आठवत नव्हतं. ज्यांनी खुर्चीत बसून ताल दिला होता त्यांना संस्थेचं नाव आठवत नसलं तरी "हां, ते टाळीवाले सर!" एवढं आठवायचंच. प्रकाशयोजनेच्या कामावर आलेला, मूळचा बिहारचा एक मुलगा तर फोनवरच म्हणाला की तो गाडीतून जाताना अजून मोजतो, पण नववीनंतर गडबड होते. सरांनी त्याला फोनवर पुन्हा एकदा ताल दिला. त्याने अभ्यासक्रम घेतला नाही, त्याला परवडण्यासारखा नव्हता. वही आम्ही त्याला पाठवली.

मराठवाड्यातल्या दुकानदारांचा फोन जूनच्या मध्यावर आला. त्यांनी स्वतःहून एक युक्ती काढली होती. शनिवारी दुपारी दुकानात दोन खुर्च्या टाकायच्या आणि पेटी घ्यायला येणाऱ्याला, पैसे घेण्याआधी, पहिला धडा द्यायचा. गावातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या संगीताच्या बाईंना त्यांनी यासाठी विचारलं होतं. धड्यानंतर ज्याला घ्यायची त्याने घ्यावी, ज्याला नको त्याने चहा पिऊन जावं. "एखादी पेटी कमी जाईल," ते म्हणाले, "पण परत येणार नाही." बाईंना आमची वही पाठवली, आणि काकांचं ते पहिलं पान मोठं छापून दुकानात लावायला दिलं.

पुढच्या वेळेसाठीही आम्ही मोठी जागा मागितलेली नाही. तीन बाय तीनच हवी, मात्र कोपऱ्याची, दोन बाजू मोकळ्या असलेली. तिचा दर थोडा जास्त पडतो. पण एक माणूस खुर्चीत बसून हातावर ताल देऊ लागला की बघायला चौघे थांबतात, आणि त्या चौघांना वाट न अडवता उभं राहता आलं पाहिजे. पेटीवाल्या काकांनीही शेजारचीच जागा मागून ठेवली आहे.